'कुंकू' दाखवला तर मुलं 'स्लो आहे' म्हणतात. मग शिकवायचं कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात तुम्ही जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवता आणि अभिजात चित्रपटांच्या विश्लेषणाचा पेपर यंदा तुमच्याकडे आलाय. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) आणि सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) हे दोन सिनेमे तुम्ही पूर्ण दाखवलेत आणि त्यावर लिहून आणायला सांगितलंत. निम्म्या मुलांनी गोष्ट लिहून आणली. बाकीच्यांनी यूट्यूबवरच्या कुठल्यातरी व्हिडिओतली वाक्यं उतरवली. वर्गात बोलतं करायला गेलात तर 'स्लो आहे सर' यापुढे गाडी सरकेना. 'आधी परिभाषा आणि सिद्धांत शिकवू, की जुने सिनेमे बाजूला ठेवून नवे घेऊ?' असं तुम्ही विचारलंय.

मी म्हणेन, निदान पहिले काही आठवडे दोन्ही नको. गोष्ट लिहिणारी मुलं आणि व्हिडिओ उतरवणारी मुलं तुम्हाला वेगळी वाटत असतील, पण दोघांची अडचण एकच आहे. पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं, तोच आपला पुरावा आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नाही. शाळेत कविता आली की 'कवीला काय म्हणायचे आहे' हा प्रश्न यायचा आणि त्याचं उत्तर गाईडमध्ये असायचं. कवितेतला शब्द तिथेच का आला, ओळ तिथेच का तुटली, हे कुणी विचारत नव्हतं. मग सिनेमापुढे बसल्यावरही मुलं तेच करणार: बघितलं की थेट अर्थ. मधला टप्पा, म्हणजे नेमकं काय बघितलं हे सांगणं, गळूनच जातो. हा टप्पा पक्का करणं हेच पहिल्या सत्राचं काम, असं मी मानते.

परिभाषा आधी शिकवू नका म्हणते, कारण तिचा परिणाम मी वर्गात पाहिलेला आहे. मुलांच्या हाती 'मोंताज' (शॉट जोडून अर्थ उभा करणं), 'डीप फोकस' (जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट ठेवणं), 'लो अँगल' हे शब्द आले की ती ते लेबलासारखे चिकटवत सुटतात. 'कॅमेरा खालून आहे, म्हणजे पात्र सत्ताधारी आहे' हे वाक्य तर मी इतक्या वेळा वाचलंय की आता त्यावरचा उतारा तयारच ठेवते. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'तला (१९५३) कुठलाही घरातला प्रसंग लावायचा. तिथे कॅमेरा जवळजवळ सतत खाली असतो, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली. त्या घरातल्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे कसलीही सत्ता नाही. मुलं गोंधळतात, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. सूत्र पाठ झालं की डोळे मिटतात. गोष्ट लिहून आणणारा विद्यार्थी त्या मानाने लवकर सुधारतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमच्या वर्गात वीस मुलं आहेत की ऐंशी, आठवड्याला दोन तास मिळतात की चार, खोलीत अंधार होतो का, आवाज लॅपटॉपचाच आहे की बरे स्पीकर आहेत, यावर पुढचं बरंच ठरेल. यातलं काहीच तुमच्या हातात नसेल तर निदान स्पीकरसाठी भांडा. चित्र थोडं फिकं चालेल, पण जुन्या सिनेमाचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर अर्धा मरतो. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका 'प्रभात फिल्म कंपनीचे योगदान सांगा' अशा वळणाची असेल तर त्याची तयारी वेगळी करून घ्यावी लागेल. तिच्यासाठी शेवटचे दोन आठवडे राखून ठेवा, पण अख्खं वर्ष तिच्यावर घालवू नका. आणि ही मुलं पुढे सिनेमा करणार आहेत, बातम्या लिहिणार आहेत की नुसती जाणती प्रेक्षक होणार आहेत, यावर भर बदलेल. मी खाली सांगते ते तिन्ही प्रकारच्या मुलांना चालतं, असा माझा अनुभव आहे.

पूर्ण सिनेमापासून सुरुवात करू नका. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या. माझा आवडता पहिला तुकडा 'संत तुकाराम'च्या (१९३६) सुरुवातीचा आहे. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. तुकाराम 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' म्हणतात. मग गावातला बुवा सालोमालो तेच शब्द आपल्या नावावर खपवत लोकांपुढे गातो. शब्द तेच, देव तोच, म्हणजे 'गोष्ट' सांगून इथे सुटका नाही. तरी वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा सांगतं की एक खरा आणि एक ढोंगी. आता विचारा, 'तुला कसं कळलं?' पहिलं उत्तर येतं, 'कळतंच की.' तिथे सोडू नका. एकाची नजर कुठे आहे, दुसऱ्याची कुठे? हात काय करतायत? आजूबाजूला कोण आहे आणि त्यांच्याकडे गाणाऱ्याचं लक्ष आहे की नाही? कॅमेरा किती जवळ आहे, किती वेळ थांबतो? चाल तशीच राहते का? पुन्हा लावा, पुन्हा विचारा. अर्ध्या तासात फळा भरतो, आणि फळ्यावरचा प्रत्येक शब्द मुलांनी स्वतः पाहिलेला असतो. हीच त्यांची पहिली समीक्षा. तिच्यात एकही पारिभाषिक शब्द नसला तरी चालेल. 'तो सारखा आमच्याकडे बघतो आणि तुकाराम बघतच नाहीत' असं एखादीने म्हटलं की त्याला पुढे नाव देता येतं. आधी वस्तू, मग तिचं नाव.

दुसरी पायरी आवाजाची. यासाठी तुम्ही निवडलेले दोन्ही सिनेमे फार योग्य आहेत, फक्त ते एकमेकांशेजारी ठेवायला हवेत.

'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत नाही. संगीतकार केशवराव भोळेच, ज्यांनी आदल्याच वर्षी 'संत तुकाराम'ला संगीत दिलं होतं. म्हणजे हे दोन्ही सिनेमे काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीकडे संगीताची वाण नव्हती, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. फसवून म्हाताऱ्या विधुराशी, काकासाहेबांशी, लग्न लावून दिलेली नीरा त्या घरात येते. ती त्या लग्नाला मान्यता द्यायला तयार नाही. या घरातला कुठलाही तीन मिनिटांचा तुकडा घ्या, पडदा झाका आणि मुलांना फक्त ऐकू द्या. पहिल्या खेपेला त्यांच्या वहीत 'संवाद' एवढंच असतं. दुसऱ्या खेपेला पावलं येतात, वस्तू ठेवल्याचे आवाज येतात, घड्याळ येतं. तिसऱ्या खेपेला कुणीतरी लिहितं, 'मध्ये काहीच नाही.' त्या 'काहीच नाही'वर थांबा. आजच्या मालिकेत याच जागी काय वाजलं असतं, असं विचारा. मुलं लगेच तोंडाने वाजवून दाखवतात. मग पुढचा प्रश्न: ते संगीत असतं तर त्याने आपल्याला काय सांगितलं असतं? नीराची दया करा, काकासाहेबांचा राग करा, असं काहीतरी. संगीत नसल्यामुळे तो आधार निघून जातो आणि आपण त्या घरात नीराइतकेच अवघडून बसतो. इथपर्यंत मुलं स्वतः पोचली की तुम्ही फारसं बोलायची गरज नाही.

आता 'पथेर पांचाली'तला दुर्गाच्या मृत्यूनंतरचा प्रसंग लावा. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. मुलगी गेल्याचं त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, त्यात दुर्गासाठी साडी असते. त्याची बायको सर्वजया इतका वेळ गप्प आहे, आणि ती साडी हातात आल्यावर तिचा बांध फुटतो. तिचं तोंड रडताना दिसतं, पण रडण्याचा आवाज येत नाही. त्या जागी तार शहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजतं, उंच, टोकदार. संगीत पंडित रविशंकर यांचं. मी हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवते, मग फक्त ऐकवते, मग दोन्ही एकत्र. आवाज बंद असताना मुलं स्वतःच्या मनात रडणं ऐकतात, काही जणी तसं लिहितातही. मग प्रत्यक्ष आवाज येतो तेव्हा तो अपेक्षेपेक्षा वेगळाच निघतो, आणि वर्ग एकदम शांत होतो.

हे दोन तुकडे लागोपाठ पाहिले की एक गोष्ट आपोआप समोर येते. शांताराम यांनी संगीत काढून घेतलं आणि घर बोलू दिलं. राय यांनी माणसाचा आवाज काढून घेतला आणि त्या जागी वाद्य ठेवलं. दोघांनीही आपण जे ऐकायला तयार होतो तेच नेमकं दिलं नाही. पण कारणं वेगळी, परिणाम वेगळे. इथे मुलांना एक पान लिहायला सांगा: दोन्हीपैकी कुठला निर्णय तुम्हाला जास्त भिडला आणि का. या पानात गोष्ट घुसायला जागाच उरत नाही. आणि यूट्यूबवरून उतरवायलाही काही सापडत नाही, कारण हे दोन तुकडे याच क्रमाने, याच प्रश्नासाठी शेजारी ठेवलेले कुठे मिळणार?

या सगळ्यामागचा प्रश्न मी वर्षभर वापरते: 'याऐवजी दुसरं काय करता आलं असतं?' विद्यार्थ्यांना पडद्यावरचं सगळं अटळ वाटतं, जणू कॅमेरा ठेवला आणि ते तसंच घडलं. पर्याय विचारला की निर्णय दिसू लागतो. ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) लहानग्या चार्ल्सला आईवडिलांपासून दूर पाठवण्याचे कागद घरात सह्या होतायत आणि मागच्या खिडकीतून तो बाहेर बर्फात खेळताना दिसतोय, एकाच चौकटीत. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी पुढचं आणि मागचं दोन्ही स्पष्ट ठेवलंय. मुलांना सांगा, हाच प्रसंग तुम्ही मोबाईलवर शूट करणार असाल तर किती शॉट घ्याल? बहुतेक जण आई, कागद, मुलगा, आई असे तुकडे करतात. मग विचारा, तुकडे केल्यावर काय गेलं? कुणीतरी म्हणतंच, 'तो खेळतोय आणि त्याचं आयुष्य ठरतंय, हे एकाच वेळी दिसत नाही.' डीप फोकस हा शब्द त्या क्षणी सांगा. मग तो विसरला जात नाही.

आता 'स्लो'. या शब्दावर रागावू नका आणि 'अभिजात कलाकृतीला संयम लागतो' असं उपदेशाचं वाक्यही टाकू नका. कंटाळा ही प्रामाणिक नोंद आहे, तिचा उपयोग करून घ्या. मी मुलांना सांगते, कंटाळा आला त्या क्षणाची वेळ लिही: किती मिनिटं, किती सेकंद. शेजारी लिही, त्या क्षणी तू कशाची वाट बघत होतास. गंमत म्हणजे वर्गातल्या बऱ्याच जणांच्या वेळा जवळजवळ त्याच येतात. 'पथेर पांचाली'त पाऊस येण्याआधी पाण्यावरचे किडे, तळं, कमळाची पानं असं बराच वेळ दिसत राहतं, सतार वाजत असते. 'नुसते किडे दाखवलेत' ही तक्रार तिथे हमखास येते. मग आपण तो भाग मनातल्या मनात कापून बघायचा. आदली घटना आणि पाऊस थेट जोडले तर काय होतं? पाऊस नुसती पुढची घटना होऊन येतो. आता तो येण्याआधी सगळं गाव, पाणी, जीवजंतू त्याची वाट बघताना आपण पाहिलेले आहेत. त्याच पावसात दुर्गा मनसोक्त भिजते, आणि त्याच भिजण्यातून आलेल्या तापाने ती जाते. किड्यांचा भाग आनंदाचा आहे म्हणून पुढचं जास्त लागतं. हे कळूनही एखाद्याला तो भाग लांबच वाटला तर वाटू द्या. 'मला लांब वाटला, कारण…' असं वाक्य त्याला पूर्ण करता आलं, तर तो समीक्षा करतोय.

अभिजात या शिक्क्याविषयी इथेच बोलते. मुलांना वाटतं, हा सिनेमा मोठा आहे हे आधीच ठरलंय, आपलं काम फक्त टाळ्या वाजवण्याचं. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 'संत तुकाराम'चा गौरव झाला हे सांगायला हरकत नाही, पण ते विश्लेषण नव्हे, आणि विद्यार्थ्याच्या लेखात ते पहिल्या परिच्छेदात आलं तर पुढचं सगळं स्तुतीच्या सुरात जातं. नावडल्याचं लिहायची मोकळीक द्या. अट एकच: ज्या शॉटमुळे किंवा ज्या आवाजामुळे नावडलं, तो दाखवायचा.

यानंतर संदर्भ. तो महत्त्वाचा आहे, पण त्याची जागा तिसरी. आधी दिला तर मुलं सिनेमात संदर्भच शोधत बसतात. प्रश्न पडल्यावर दिला तर तो त्यांना हवासा वाटतो. 'कुंकू'च्या बाबतीत प्रश्न हमखास पडतो तो असा: 'मॅडम, तिने घटस्फोट का नाही घेतला?' हा प्रश्न बावळट नाही, उलट सोन्यासारखा आहे. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा १९४७ साली आला, म्हणजे सिनेमानंतर दहा वर्षांनी. त्याआधी अनेक जातींमध्ये काडीमोडीची रीत होती, पण काकासाहेबांसारख्या पांढरपेशा घराला ती वाट नव्हती. हे कळल्यावर नीराचं वागणं मुलांना वेगळं दिसतं. कायदा तिच्या बाजूने नाही, रीत नाही, माहेर नाही. मग नकार देण्यासाठी तिच्याकडे उरतं काय? तिचं शरीर, तिचा आवाज आणि घरातल्या वस्तू. आता पुन्हा सिनेमा लावा आणि ती कुठे उभी राहते, कुठलं दार लावते, काय गाते ते बघा. ती लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, १९३७ च्या मराठी घरात! नीरा झालेल्या शांता आपटे यांच्या आवाजातलं ते गाणं ऐकून मुलं आधी हसतात. नंतर कुणीतरी विचारतं, हे ती कुणाला ऐकवतेय? त्या प्रश्नावर तास संपला तरी चालेल.

याच ठिकाणी गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकाचा (१८९९) उल्लेख करा. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता, जवळजवळ चाळीस वर्षं तो रंगभूमीवर होता. मग 'कुंकू'ने नवं काय केलं? विषयात नवं काही सापडणार नाही, ते सापडेल मांडणीत. म्हणून आधी मांडणी बघायला शिकवणं जरुरीचं होतं. काकासाहेबांच्या घरातलं ते जुनं घड्याळ आणि आरसा यांच्यावर एक गृहपाठ द्या: ही वस्तू कधी कधी दिसते, तेव्हा तिच्यासमोर कोण असतं, शेवटाकडे तिचं काय होतं? उत्तर तुम्ही सांगू नका. घड्याळ म्हणजे म्हातारपण, आरसा म्हणजे सत्य, अशी समीकरणं पहिल्या फटक्यात येतील. त्यांना विचारा, मग प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तोच राहतो का? राहत नाही. सुरुवातीला घड्याळाकडे बघून हसू येतं, पुढे पुढे येत नाही. वस्तू तीच, आपली नजर सिनेमाने बदललेली. हे ज्याला शब्दांत पकडता आलं, त्याला प्रतीक या गोष्टीबद्दल आणखी काही शिकवायची गरज नाही.

शेवटाबद्दल वर्गात भांडण होऊ द्या. काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते नीराला मुलीच्या जागी मानतात आणि आपलं आयुष्य संपवतात. माझं स्वतःचं मत असं की सिनेमा इथे एक पाऊल मागे येतो. इतका वेळ नीराच्या नकाराच्या बळावर उभी असलेली गोष्ट शेवटी काकासाहेबांच्या पश्चात्तापाने सोडवली जाते, आणि काकासाहेब झालेले केशवराव दाते इतकं ताकदीचं काम करतात की आपली सहानुभूती तिकडे ओढली जाते. मात्र माझ्याच वर्गातल्या एका मुलीने याच्या उलट मांडलं होतं. तिचं म्हणणं, नीरा काही मागायला गेलेलीच नाही, ती फक्त बधली नाही, आणि तिच्या न बधण्यामुळेच त्या माणसाला स्वतःकडे बघावं लागलं; म्हणजे शेवटसुद्धा तिनेच घडवलाय. तिने त्यासाठी शेवटच्या भागातले शॉट नोंदवून आणले होते. मी माझं मत बदललं नाही, पण तिच्या पानाला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले. शिक्षकाने आपलं मत सांगावं, लपवू नये, फक्त ते सर्वांत शेवटी सांगावं. आधी सांगितलं तर तीस वह्यांमध्ये तेच उतरतं.

आजची मुलं जातीचे आणि बाईपणाचे प्रश्न विचारतात, ते विचारू द्या. 'त्या काळात असंच होतं' म्हणून दाबू नका. पण तिथेही पुरावा मागा. या घरात कोण कुठल्या खोलीत जातं? कोणाला नाव आहे, कोणाला नाही? 'पथेर पांचाली'तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनला कॅमेरा किती जवळून बघतो आणि घरातली माणसं तिला कशी बघतात, यात फरक आहे का? सर्वजया तिच्याशी कठोर वागते, तरी तिचा राग का येत नाही, की येतो? अशा प्रश्नांनी मुलांची चीड वाया जात नाही, ती बघण्यात उतरते.

एवढ्यावर थोडं थांबून मागे बघते. क्रम असा झाला: छोटा तुकडा, त्यात काय दिसतं-ऐकू येतं त्याची नोंद, मग 'दुसरं काय करता आलं असतं', मग संदर्भ, मग आपलं मत. पुण्यात प्रभातच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, आणि प्रा. सतीश बहादुर 'पथेर पांचाली'चा प्रसंग न् प्रसंग उलगडून रसास्वाद शिकवत. 'कुंकू' ज्या आवारात घडला तिथेच मराठी मुलं सिनेमा वाचायला शिकली. तेव्हा हे काही परदेशी खूळ नाही. तुमच्या गावापर्यंत ते पोचायला उशीर झालाय इतकंच.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या पुस्तकात सहसा मिळत नाहीत. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या सिनेमांच्या कॉप्या नीट तपासा. त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी होती. बऱ्याच कॉप्यांमध्ये ती आजच्या रुंद पडद्याला ताणलेली असते, चेहरे फुगतात, किंवा वरखालून कापलेली असते आणि कपाळंच जातात. मग विद्यार्थी 'दिग्दर्शकाने डोकं कापून अस्वस्थता दाखवली' असं लिहितो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. 'कुंकू' एकाच वेळी हिंदीतही 'दुनिया न माने' या नावाने झाला, तेव्हा वर्गात कुठली आवृत्ती लागलीय ते बघा, दोन्हींची सरमिसळ करून लिहिलेले लेख मी पाहिलेत. आवाजातली खरखर ही प्रिंटची आहे, ती ध्वनियोजना नव्हे, हेही एकदा सांगून टाका. तुकडा सावकाश बघायला व्हीएलसी प्लेअर पुरतो, त्यात कीबोर्डवरचं 'ई' दाबलं की चित्र एकेक फ्रेमने पुढे जातं. मुलांना हे इतकं आवडतं की सुट्टीतही कुणी ना कुणी लॅपटॉपला चिकटलेलं असतं.

नोंदीसाठी वहीचं आडवं पान घ्यायचं. शॉट क्रमांक, तो साधारण किती सेकंद, कॅमेरा लांब की जवळ, हलतो की स्थिर, काय ऐकू येतं, आणि पुढच्या शॉटला तो कशाने जोडलाय. शेवटचा रकाना मुलं रिकामा सोडतात, तोच सर्वांत महत्त्वाचा. दोन-तीन मिनिटांच्या तुकड्याला हे पुरतं. अख्ख्या सिनेमाची अशी नोंद मागितलीत तर मुलं पुन्हा उतरवू लागतील.

माहिती तपासण्याची सवयही यातच लागते. 'आधी बीज एकले' हे 'संत तुकाराम'मधलं गाणं बरीच मुलं, आणि त्यांचे पालकही, तुकोबांचाच अभंग समजतात. ते शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलं. अभंग समजून त्यावर तत्त्वज्ञानाचं पान लिहिणाऱ्या मुलाला गाथा हातात द्या आणि शोधायला सांगा. त्याला ते सापडत नाही. मग तो विचारायला येतो की एका चित्रपट-गीतकाराने तुकोबांची भाषा इतकी कशी आत्मसात केली, आणि हा प्रश्न त्याच्या मूळ पानापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

लेखनाबाबत मी पहिल्या सत्रात काही शब्दांना बंदी घालते: अप्रतिम, अजरामर, मैलाचा दगड, काळाच्या पुढचा, मास्टरपीस. मुलं आधी कुरकुरतात, कारण हे शब्द काढले की पान अर्धं होतं. उरलेलं अर्धं पान खरं असतं. एका मुलाने लिहिलं होतं, 'कुंकूमध्ये पार्श्वसंगीत नसल्यामुळे चित्रपट अत्यंत वास्तववादी वाटतो.' वाक्य चुकीचं नाही, पण ते सिनेमा न बघताही लिहिता येतं. मी त्याला फक्त 'कुठे?' एवढंच समासात लिहून दिलं. परत आलं तेव्हा त्या जागी नीराच्या एका गप्प बसण्याचं वर्णन होतं, तिच्या मागे घड्याळ ऐकू येत होतं, आणि शेवटी 'इथे संगीत असतं तर मला वाटलं असतं ती हरली. आता वाटतं ती थांबलीय' असं लिहिलेलं होतं. अशा एका वाक्यासाठी तीन आठवडे द्यावे लागले तरी द्यावेत.

नव्या सिनेमांबद्दलही विचारलंत. दुसऱ्या सत्रात जरूर घ्या, आणि निवड मुलांनाच करू द्या. एकदा जुन्या सिनेमाची नोंद करता आली की मुलं स्वतःहून आवडत्या सिनेमाला तेच प्रश्न विचारतात. उलट दिशेने गेलात तर अवघड जातं, कारण आवडत्या सिनेमाच्या प्रेमात त्यांना निर्णय दिसत नाहीत. जुना सिनेमा थोडा परका असतो, त्याचा वेग, बोलण्याची ढब, प्रकाश सगळं वेगळं असतं, आणि त्यामुळेच तो कसा बनवलाय हे दिसायला सोपं जातं.

गुण कसे द्यायचे हे तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हातात असेल तर वीसपैकी दहा गुण नोंदीला ठेवा, पाच 'दुसरं काय करता आलं असतं' याला, तीन संदर्भ नीट तपासण्याला आणि फक्त दोन अंतिम मताला. मत पटलं नाही म्हणून गुण कापले जात नाहीत, हे मुलांना पहिल्या वहीतच दिसलं पाहिजे. आणि पहिल्या वह्या परत देताना तपासलेल्या पानांमधली दोन चांगली निरीक्षणं, लिहिणाऱ्याच्या परवानगीने, वर्गात मोठ्याने वाचून त्याच जागेचा शॉट पडद्यावर लावा. पुढच्या आठवड्यापासून मुलं त्यासाठी नोंदी आणू लागतील.